सासरी न पाठवलेल्या गोळ्या

शिरूरजवळच्या कवठे येमाईत मी बारा वर्षं आशा सेविकेचं काम करते. नवीन लग्न झालेल्या मुलींना फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देणं हे त्यातलंच एक. या गोळ्या दिवस राहायच्या आधीपासून घ्यायच्या, कारण बाळाच्या पाठीचा कणा पहिल्या महिन्यातच जुळून बंद होतो, बाईला कळायच्याही आधी. हे मी घरोघर सांगते.

माझी लेक दौंडकडे खुटबावला दिली. निघताना तिच्या बॅगेत मी दोन पाकिटं ठेवली आणि पुन्हा काढून घेतली. आशाच्या पिशवीत पाळणा लांबवायच्या गोळ्याही असतात, हे सगळ्यांना ठाऊक. सासूच्या हाती पाकीट लागलं, तर मूल नको म्हणून आईनंच पोरीला शिकवून धाडलं, असा बोभाटा झाला असता. म्हटलं, जरा रुळू दे, मग देऊ.

दुसऱ्याच महिन्यात दिवस राहिले. सोनोग्राफी उशिरा झाली, त्यात बाळाची पाठ उघडी दिसली. तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नात जन्मली ती कमरेवर पातळ कातडीची लिंबाएवढी पिशवी घेऊन. दुसऱ्या दिवशी पुण्यात ऑपरेशन झालं. पाठ शिवली, पण पायात जीव आला नाही. आता ती तीन वर्षांची आहे. खूप बोलते, कोपरांवर सरकते. लघवी दिवसातून चार-पाच वेळा नळीनं काढावी लागते. लेक हात धुऊन ते उरकते.

गेल्या महिन्यात दुसऱ्या बाळाचं विचारायला आम्ही पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. नात आणि विहीणबाईही बरोबर होत्या. डॉक्टरांनी जास्त ताकदीच्या गोळ्या आतापासूनच सुरू करायला सांगितल्या. बाहेर बाकावर लेकीनं पाकीट उलटंसुलटं करून वाचलं.

"आई, तुझ्या पिशवीत असत्यात त्याच ना ह्या?"

"त्याच. ह्या जरा जड."

"मग मला का न्हाई दिल्यास?"

"तुझ्या सासूबाई काय म्हणतील म्हणून."

विहीणबाई चमकल्या. "मी? आवो, मला लिवता-वाचता तरी येतंय का? ताकदीच्या हायेत म्हणला असता, तर मीच रोज हातावर ठिवल्या असत्या की!"

मी पुन्हा आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, तेव्हाच दिल्या असत्या तर? घेऊनही टळलंच असतं असं नाही, पण बऱ्याचदा टळतं, म्हणाले. लेकीला तेच सांगितलं, काही न गाळता.

तिनं पाकीट सासूकडे दिलं. "तुम्हीच ठिवा. रोज तुम्हीच द्या."

मग नातीला कडेवर घेऊन ती दौंडच्या गाडीकडे निघाली, मागोमाग विहीणबाई. मी शिरूरची एसटी धरली.