लिओनार्डने पुन्हा बांधलेली परांची

लिओनार्डच्या बापाने अंधेरीजवळच्या आंबोलीत भात लावला. त्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दुरुस्तीला लिओनार्ड बांबू घेऊन गेला. याबद्दल तो कधी रडला नाही. शेत गेलं, काम मिळालं. मिळालेलं काम नीट करायचं, एवढंच त्याला ठाऊक.

इमारतीला बाहेरून रंग किंवा गिलावा करायचा तर आधी परांची लागते. उभे बांबू, आडवे बांबू आणि दोघांना धरून ठेवणारा काथ्या. बघणाऱ्याला वाटतं, दोरीच तर गुंडाळायची आहे. लिओनार्ड अशा माणसाशी वाद घालत नसे. ओला बांबू त्याच्या खांद्यावर देऊन म्हणे, "चल, तिसऱ्या माळ्यावर ठेवून ये." स्वतःची गाठ मारून झाली की तो तिच्यावर सगळा भार टाकून लोंबकळायचा. गाठ कुरकुरली नाही तरच पुढची.

हे काम जोडीचं. एक वर बांधतो, दुसरा खालून बांबू चढवतो. गुडघे बोलायला लागले तसा लिओनार्ड खालचा झाला आणि वर मिथुन जाऊ लागला. मिथुन सडपातळ, चपळ आणि कमी बोलणारा. साइटवर सगळे त्याला बंगालचा समजत. तो होता सीमेपलीकडचा, बांगलादेशातला. मिसरूड फुटायच्या आधी मामाबरोबर आला होता. मामा वारला, आणि याच्याकडे कसलाच कागद नव्हता. हे त्याने लिओनार्डच्या घरी, त्याची बायको मेबल हिच्या हातचं बोंबलाचं कालवण खाताना सांगितलं. मान खाली, घास हातात.

मेबलने भाताचं पातेलं पुढे ओढलं. मग म्हणाली, "बरं. भात अजून वाढू की झालं तुझं?"

त्या दिवसापासून रविवारी तो त्यांच्याकडेच जेवायचा.

यंदा पाऊस संपल्यावर अंधेरीतल्या एका सोसायटीचं काम निघालं. नवा काथ्या वेळेवर आला नाही. ठेकेदार शेठच्या मुकादमाने, किरणने, दुसऱ्या साइटवरचा वापरलेला काथ्या आणून टाकला.

"हा काय काथ्या आहे? शेळी बांधली तर शेळी हसेल," लिओनार्ड म्हणाला.

"अंकल, आजचा दिवस भागवा ना यार. शेठ माझी वाट लावेल."

लिओनार्डने भागवलं, त्या दिवशी मिथुनवर न सोडता बांधायला तो स्वतः वर चढला. प्रत्येक ठिकाणी दुहेरी वेढा घेतला, लोंबकळून पाहिलं. गाठी धरून होत्या. पण उन्हात काथ्या वाळला, ढिला पडला, आणि दोन दिवसांनी तिसऱ्या माळ्याच्या उंचीवर एक आडवा बांबू सरकला. मिथुन आधी खिडकीच्या छज्ज्यावर आपटला, मग खाली जमिनीवर. ओरडला नाही. "अंकल" एवढंच म्हणाला.

किरणने रस्त्यात उभं राहून रिक्षा थांबवली. सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, खुबा मोडलाय. ऑपरेशन करावं लागेल, आत सळी घालावी लागेल, आणि ते सामान बाहेरून विकत आणावं लागेल. वेळेत झालं तर चालेल. नाही झालं तर पाय कायमचा आखूड.

आता परांचीवाल्यांची एक रीत आहे. ज्या जागेवरून माणूस पडला ती जागा तशीच मोडकी ठेवून घरी जायचं नाही. त्याच दिवशी बांधायची, आणि ज्याने दगा दिला तो काथ्या जाळायचा. नाहीतर परांची दुसरा माणूस मागते म्हणतात. लिओनार्ड चर्चला जाणारा माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणायचा. पण संध्याकाळी हॉस्पिटलातून तो थेट साइटवर आला. नवा काथ्या वाटेत स्वतःच्या पैशाने घेतला होता. दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढला, सरकलेला बांबू जागेवर घेतला आणि बांधला. असा बांधला की हत्ती टांगला असता. जुना काथ्या कोपऱ्यात पेटवून दिला. मग घरी गेला.

दुसऱ्या दिवशी किरण घरी आला. दारातच उभा राहिला.

"अंकल, शेठ विचारतोय, माणूस पडला कुठून? परांची तर झकास उभी आहे."

"काय बोलतोस तू किरण?"

"मी नाही, शेठ बोलतोय. म्हणतो, तो आपला माणूसच नाही. तुम्हाला भेटायला आला असेल. पिऊन पडला असेल बाहेर." किरण चपलेने फरशी घासत होता. "आणि म्हणतो, भरपाई पाहिजे तर आधी कागद दाखव म्हणावं."

तेव्हा लिओनार्डला कळलं की त्याने काय केलं होतं. मिथुन तिथून पडला याची एकच खूण होती. ती त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती, आणि तीही मन लावून.

हॉस्पिटलात मिथुन उठून बसायची धडपड करत होता. कोणीतरी कागद विचारले होते.

"अंकल, मला इथून न्या. गोवंडीला एक हाडवैद्य आहे, तो काय विचारत नाय."

"खुब्याला हाडवैद्य? डोकं पण आपटलंस काय रे?"

"इथे पोलीस आले तर?"

 लिओनार्डने मिथुनची उशी सरळ केली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

वाट मेबलने शोधली. वॉर्डातल्या नर्सने घाटकोपरच्या एका कामगार संघटनेचा पत्ता दिला होता. मेबल तिथे गेली आणि तिथल्या वकील मुलीला, प्रियंकाला, सोबत घेऊनच आली. प्रियंका खाटेजवळ स्टुलावर बसली आणि सावकाश बोलली.

"कामावर इजा झाली की भरपाई द्यायची जबाबदारी मालकाची. ठेकेदाराने हात वर केले तर ज्याने त्याला काम दिलं त्याच्याकडेही मागता येते. काम करणारा कुठल्या देशाचा, हे हा कायदा विचारत नाही. पण दुसरे कायदे विचारतात, दादा. तुम्हाला कोणी धरणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. खोटं सांगून सही घेणार नाही."

मिथुन छताकडे बघत राहिला.

"आणि तुम्ही तिथे कामाला होतात, तिथूनच पडलात, हे सांगणारा माणूस लागेल."

"मी आहे," लिओनार्ड म्हणाला. मग त्याने काथ्याची, गाठीची, जाळण्याची सगळी हकीकत सांगितली.

प्रियंका म्हणाली, "अंकल, ते तुमच्यावरच उलटवतील. म्हणतील, याचीच गाठ सुटली आणि यानेच पुरावा जाळला. भरपाईसाठी गाठ कोणाची हे सिद्ध करायची गरज नाही. पण तुम्हाला हे चार लोकांत बोलावं लागेल."

त्या संध्याकाळी लिओनार्डने जेवण बाजूला सारलं.

"इतकी वर्षं बांधतोय, मेबल. कोणी म्हटलं नाही की लिओनार्डची गाठ सुटली."

"मग आता तू म्हण."

"सोपं आहे तुला बोलायला."

"सोपं कुठे आहे? उद्यापासून तू दिवसभर घरात बसणार, माझ्या डोक्यावर." तिने ताट परत त्याच्यापुढे सरकवलं. "जेव. उपाशीपोटी कोणी साक्ष देत नाही."

प्रियंकाने नोटीस पाठवली, सोबत लिओनार्डचा सही केलेला जबाब. ठेकेदाराने सगळ्यांना साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं. बाहेर दुसऱ्या परांचीवाल्यांची टोळी उभी होती, लिओनार्डच्याच हाताखाली शिकलेली.

ठेकेदार हसत म्हणाला, "तूच बांधली, तूच जाळलं, आणि साक्ष पण तूच देणार? वा रे वा."

"हो," लिओनार्ड म्हणाला. आवाज बाहेर जाईल इतका मोठा होता. "काथ्या वापरलेला होता, तो तुम्ही पाठवला. पण बांधला मी. तो कच्चा आहे हे मला दिसत होतं, तरी मी बांधला. गाठ माझीच सुटली. मिथुन माझा जोडीदार, त्या दिवशी इथेच कामाला होता आणि त्या बांबूवरून पडला. आता तुम्ही सांगा, तो इथे नव्हता."

ठेकेदाराने किरणकडे बघितलं. "किरण, तू बोल. कोण होता तो?"

किरणने आधी दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "शेठ, रिक्षा मीच थांबवली होती," तो म्हणाला. "माझ्या शर्टाला रक्त लागलं होतं. बायकोने धुतलं, तरी डाग गेला नाही."

आता साक्षीदार दोन होते, आणि बाहेर टोळी ऐकत होती. ऑपरेशनचा खर्च ठेकेदाराने त्याच आठवड्यात भरला. माणुसकी म्हणून, असं तो म्हणाला. पुढची भरपाई मात्र कोर्टात मागा, म्हणाला. लिओनार्डला त्याने परत बोलावलं नाही. लिओनार्डनेही विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. पायात जोर यायला वेळ लागणार होता आणि वर चढणं आता जमणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मिथुनच्या पोटाचा प्रश्न आता कोर्टातल्या भरपाईच्या अर्जावरच होता. लिओनार्ड रोज हॉस्पिटलात जायचा. मिथुनला धरून उभा करायचा, दोन पावलं चालवायचा आणि रागवायचा. "अंग चोरू नको. टाच टेकव. अजून एक."

घरी सोडायच्या दिवशी प्रियंका अर्ज घेऊन आली. मेबलही डबा घेऊन आली होती.

"नाव कुठलं लिहू, दादा? साइटवर फक्त मिथुन होतं."

मिथुनने अर्ज जवळ ओढून पाहिला. 

"पूर्ण लिहा," तो म्हणाला. "बाबांचं पण लिहा. पडलो मी, तर पैसा दुसऱ्या कुणाच्या नावावर कशाला मागू?"

त्याने बापाचं नाव सांगितलं. लिओनार्डने ते पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि पत्ता? कोर्टाची नोटीस तिथे येईल." प्रियंकाने पेन थांबवलं. "दुसरंही कोणी येऊ शकतं. विचार करून सांगा."

मिथुनला पत्ताच नव्हता. जिथे काम, तिथे अंथरूण. त्याने लिओनार्डकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"आमचा लिही गं," मेबल म्हणाली. डब्याचं झाकण लागत नव्हतं, ती ते दाबत होती. "आंबोली गावठाण, विहिरीच्या बाजूला. पोस्टमन ओळखतो."

"आंटी, नको," मिथुन म्हणाला. "तुम्हाला त्रास होईल."

"तुझा त्रास होतोच आहे रे. रविवारी चार माणसांचा भात एकटा खातोस."

लिओनार्डने मिथुनच्या पाठीमागे हात घालून त्याला सरळ बसवलं, म्हणजे कागद मांडीवर नीट राहील. मिथुनने सही केली. अक्षर मोठं आलं. बापाच्या नावाला जागा पुरली नाही. ते त्याने खालच्या ओळीवर लिहिलं.