सुरेशच्या वाटचा द्रोण

जळगाव सोडलं तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. असोद्याहून आणवलेल्या केळ्यांची पिशवी आणि एक पक्कं मत. परत येईपर्यंत दोन्हींचा लगदा झाला होता.

मत सुमित्रामुळे झालेलं. ती माझ्या खानावळीत भाकऱ्या थापते, तिचा नवरा सुरेश बाजार आणतो. साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातले भिल्ल. पावसाळ्यात शेतीला गावी जातात. सुरेश पूर्वी पिऊन तिला मारायचा. मग दोघं ‘विश्वासी’ झाले (तिकडे ख्रिस्ती झालेले स्वतःला असं म्हणवतात), आणि दारू व मार दोन्ही थांबलं. तिच्या अंगावरचे वळ मी पाहिले होते आणि नंतरची वर्षंही. म्हणून मी सगळ्यांना सांगायचे, या धर्मानं माणसं सुधारतात. शेजारच्या विमलबाईंनी तर निघतानाच बजावलं, “तसलीच एक बाई घरकामाला बघून ये.”

मी निघाले होते सुमित्राच्या मुलीच्या, रुथच्या लग्नाला.

धुळ्याला बस बदलली. स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. तिखटानं कानशिलं तापली. पुढच्या गाडीत ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि कुणाची तरी पत्र्याची पेटी माझ्या केळ्यांवर येऊन बसली. पेटीवाला म्हणाला, “अक्का, केळं पिकेलच व्हतं ना!”

साक्रीनंतर कापूस मागे पडतो, मोहाची झाडं दिसू लागतात. जीपनं नाल्याशी उतरवलं. अलीकडे सुरेशचं कुडाचं घर आणि पत्र्याचं प्रार्थनाघर, पलीकडे सुमित्राचा भाऊ दित्या याचं घर.

लग्न उद्यावर आणि नवरी उंबऱ्यावर फुगून बसलेली. “मामा नही उना तं मी मंडपमा जावाव नही,” रुथ म्हणाली. (मामा आला नाही तर मी मांडवात जाणार नाही.)

सुमित्रानं चुलीशी बसून सगळं सांगितलं. नव्या विश्वासाच्या भरात सुरेशनं दित्याच्या घरातला दारूचा माठ फोडला होता. तो माठ दित्या-सुमित्राच्या वडलांच्या दिवसकार्यासाठी भरलेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

“मग माफी मागा की,” मी शेजारी बसलेल्या सुरेशला म्हटलं.

“मागितली,” सुरेश म्हणाला. “पण पंचांसमोर एकत्र प्यायल्याशिवाय आमच्यात भांडण तुटत नाही. आणि मी पीत नाही.”

दुपारी सुरेश, सुमित्रा, घरातली म्हातारी माय आणि मी नाला ओलांडून दित्याकडे गेलो; पंचांनाही बोलावलं होतं. दित्यानं मला खाट दिली. वाटेत सुमित्रानं सांगितलं होतं, सुरेश दवाखान्यात पडला त्या पावसाळ्यात दित्यानं त्याचं शेत पेरून दिलं; न बोलता, न विचारता. माणूस मला आवडू लागला होता. मग त्याच्या बायकोनं पाणी आणलं. तिच्या कपाळावरची खोक अजून ओली होती.

पंच म्हणजे दोन म्हातारे. त्यांनी पळसाचे दोन द्रोण दारूनं भरले.

“दोघं चहा घ्या ना,” मी मधे पडले.

दित्या हसला. “चहा तं तलाठीबरोबर बी पेतस, अक्का!” (चहा तर तलाठ्याबरोबरही पितात.)

त्यानं आपला द्रोण रिकामा केला. दुसरा तसाच राहिला. सुरेश हात मांडीखाली दाबून बसला. ‘एक घोट घे रे’ हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण सुमित्रानं माझं मनगट घट्ट धरलं. एक घोट कुठवर जातो, ते तिला माहीत होतं.

तेवढ्यात माय उठली. माय म्हणजे दित्या आणि सुमित्राची आई. पाड्यावर सगळ्यांत आधी बाप्तिस्मा घेतलेली, सुरेशच्याच घरी राहणारी.

“सुरेशना वाटानं मी पेसू.” (सुरेशच्या वाटचं मी पिते.)

“माय, तू विश्वासी शे!” सुमित्रा ओरडली.

“देवले मी सांगसू. तो रुसाव नही. हाऊ रुसेल शे.” (देवाला मी सांगेन. तो रुसणार नाही. हा रुसलाय.)

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. “घरनं मोठं माणूस शे. चाली,” एक म्हणाला. (घरातलं मोठं माणूस आहे. चालेल.)

मायनं द्रोण तोंडाला लावला, संपवला आणि पोराला झापलं, “दारूमा बी पानी टाकस का रे?”

दित्या खो खो हसला आणि त्यानं सुरेशचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी रुथ मामाचा हात धरून प्रार्थनाघरात आली. मागून मामी, कपाळावर पदर ओढून. जेवणात नागलीची (नाचणीची) भाकरी, वरण आणि माझ्या केळ्यांचं शिकरण.

प्रार्थनाघराचे पाळक तरुण होते. माय पहाटेच जाऊन त्यांना सगळं सांगून आली होती.

“आता मायचं काय?” मी विचारलं.

“रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) त्यांना देता येणार नाही. नियम आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्यांनी सांगितलं नसतं, तर बरं झालं असतं.”

परतीच्या बसमध्ये मी हिशेब लावत होते. सुरेशची बायको सुखी आहे, दित्याची नाही. याचं श्रेय त्या धर्माला द्यायलाच हवं. पण न बोलता शेत पेरणारा दित्या कोणाच्या खाती? आणि नियम मोडून घर सांधणारी आणि वर ते स्वतःच सांगायला जाणारी माय? धुळे आलं, गेलं, जमेना.

विमलबाई दारातच उभ्या. “काय गं, मिळाली का तसली बाई?”

“मिळाली एक,” मी म्हटलं. “पण ती तसली आहे का, ते मला सांगता येत नाही.”