गच्चीचा जिना

गेल्या सोमवारी दुपारी विद्यापीठाच्या नव्या आवारातल्या वसतिगृहाचे नकाशे मंजूर झाले, आणि तिथं राहायला जाणाऱ्या प्रत्येक मुलीवर अन्याय झाला. मुंबईच्या आर्किटेक्टांनी गच्चीचा जिनाच काढून टाकला. जिन्यानं म्हणे इमारतीची शोभा जाते! नागपुरात मे महिन्यात माणूस झोपतो कुठं, हे त्यांना कोण सांगणार?

सांगायचं काम ज्यांचं, ते विद्यापीठाचे बांधकाम अधिकारी त्या बैठकीत माझ्या, म्हणजे विद्यार्थी संघटनेच्या प्रतिनिधीच्या, शेजारीच बसले होते. भला माणूस. आमची पत्रकं ते फेकत नाहीत, नीट घडी करून खिशात ठेवतात. पण आर्किटेक्ट बोलू लागले की यांचं "वा, वा, छान" सुरू होतं. बोटं मात्र स्वस्थ नसतात. त्या दिवशी टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या वसतिगृहाभोवतीची स्पंजची झाडं त्यांनी एकेक उपटून पश्चिमेच्या भिंतीला लावली, तिथं सावली पडावी म्हणून. मग मुकाट्यानं सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "साहेब, तुम्ही घरी कुठं झोपता?"

"गच्चीवर. काहून गा?"

"मग आत बोलले काहून नाही?"

"अरे, मोठे लोक आहेत ते. म्हणतील, याले काही समजत नाही."

एवढं बोलून त्यांनी रुमालानं मान पुसली आणि सायकल काढली. मला त्यांचा राग येतो, आणि तो नीट टिकतही नाही.

पाया अजून खणलेला नाही. येत्या सोमवारी साहेब आणि आर्किटेक्ट पुन्हा त्याच टेबलाशी बसणार आहेत. मित्रमैत्रिणींनो, तुम्ही आपापली गादी घेऊन त्या खोलीच्या दारात या, आणि जिना नकाशात परत येईपर्यंत उठू नका.