सॉरीचं मूळ

मंडळी, बाबा गेल्यापासून इथे काही लिहिलं नव्हतं. आज दुपारी जे झालं त्याबद्दल तुम्हाला विचारायचं आहे.

ऑफिसमधली प्राची आमच्या इंदिरानगरच्या घरी भेटायला आली. माझा हात धरून म्हणाली, "सॉरी गं."

थोरली काकू लगेच म्हणाली, "सॉरी काय, पायावर पाय पडला का हिच्या?"

आणि मी सपाट आवाजात प्राचीला सांगायला लागले, की सॉरी आणि सॉरो, म्हणजे दुःख, हे शब्द सारखे वाटले तरी मुळात वेगळे आहेत. सॉरी आला 'सोअर'च्या घरातून, म्हणजे दुखण्यातून. आधी त्याचा अर्थ होता, ज्याला दुखतंय तो. माफीसाठी तो नंतर वापरायला लागले.

चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, बाबांनीच घरी शिकवलं. सॉरीचं हे मूळही त्यांनीच सांगितलेलं.

प्राचीला कुठे बघावं कळेना. काकू म्हणाली, "अगं, पुरे आता."

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "बोलू द्या तिला, वहिनी. त्या दिवसापासून आज पहिल्यांदा बोलतेय."

मग आई रडली. मी नाही.

निघताना प्राची काहीच बोलली नाही. अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी ती दुखावली असेल का?

मला अजून रडू आलेलं नाही. आई सारखी माझ्या तोंडाकडे बघते. तुमच्यापैकी कुणाला असं झालं होतं का? तेव्हा आईला काय सांगितलंत?