सिनेमाला नाटकाची सर नाही

लखनौत मराठी माणसं मोजकीच, आणि त्यातली सगळ्यात बोलकी आमच्या घरी यायची. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही अलीगंजात राहत होतो. नवरा बँकेत. शेजारच्याच महानगर नावाच्या वस्तीत एक काका होते, सरकारी कंपनीतून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांची आणि नवऱ्याची ओळख झाली आणि निघालं काय, तर दोघांनीही तरुणपणी एकच संगीत नाटक वेड्यासारखं, मिळेल त्या गावी जाऊन पाहिलेलं. झालं! तेव्हापासून दर रविवारी काकांची स्कूटर आमच्या फाटकाशी उभी, आणि मी चहाच्या आधणाशी.

नुसत्या आठवणी काढल्या असत्या तर मी काही म्हटलं नसतं. पण त्या नाटकावर पुढे सिनेमा निघाला होता आणि यांचं सगळं आयुष्य त्या सिनेमाला नावं ठेवण्यात चाललं होतं. नाटकात नायिका पद म्हणायला लागली की अर्धा तास जागची हलत नसे, सिनेमात तीन मिनिटांत सगळी बाग फिरून मोकळी. नाटकात ऑर्गनचा सूर लागला की अंगावर काटा यायचा, सिनेमात पन्नास व्हायोलिनं घासतात. काकांचं म्हणणं, नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यावरची बाग जास्त खरी होती. "सिनेमातली झाडं बघा, नकली वाटतात यार!" खऱ्या झाडांना नकली म्हणणारी माणसं मी आमच्याच बैठकीत पाहिली. बरं, दोघांचं यावर एकमत होतं, तरी वाद संपत नसे. एकमत असलेला वाद किती लांबू शकतो हे ज्याला बघायचंय त्याने तेव्हा आमच्याकडे यायला हवं होतं.

त्या वर्षी आई मिरजेहून आमच्याकडे राहायला आली होती. बाबा जाऊन थोडेच महिने झाले होते. ती पहिले दोन रविवार स्वयंपाकघरात बसून नुसतं ऐकत होती. तिसऱ्या रविवारी मटार सोलता सोलता म्हणाली, "मी पाहिलंय ते नाटक. दोन अंक."

मला हे माहीतच नव्हतं. मी काही महिन्यांची असताना बाबा तिला घेऊन गेले होते. गोष्ट एका गवयाच्या मुलीची. ती सरदाराच्या घरी सून म्हणून येते, नवरा मोहिमेवर जातो, सासू तिचं गाणं बंद करते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती भरल्या घरातून एकटी निघून जाते. आणि नेमकी तेव्हा मी रडायला लागले. आजूबाजूचे लोक शुक्‌शुक् करायला लागले, बाबा म्हणाले, जरा बाहेर घेऊन जा तिला. सबंध तिसरा अंक आई मला खांद्यावर थोपटत थिएटरच्या व्हरांड्यात, सायकली लावल्या होत्या तिथे फेऱ्या घालत होती. आतून पदं ऐकू येत होती, टाळ्या ऐकू येत होत्या. बोललेलं काही ऐकू येत नव्हतं.

"मग सिनेमा आला तेव्हा का नाही गेलीस?"

"ह्यांनी नको म्हटलं. नाटकाची सर नाही म्हणाले, कशाला जायचं."

मला असा संताप आला की हातातलं मटारचं पातेलं मी आपटलंच. म्हटलं, आई, तुला हा सिनेमा मी दाखवणार. ती म्हणाली, "राहू दे गं. मला आपलं एवढंच वाटतं, ती परत आली का त्या घरात? का नाहीच आली?" एवढी वर्षं ती हा प्रश्न मनात घेऊन होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

नवऱ्याच्या बँकेतलं कुणीतरी पुण्याला गेलं होतं, त्याच्याकडून कॅसेट मागवली. ती येईपर्यंत आईच्या जाण्याची वेळ आली. तिची गाडी सोमवारी दुपारी, म्हणून रविवारी जवळच्या कपूरथला चौकातल्या दुकानातून व्हीसीआर भाड्याने आणला. मी दोघांना आधीच बजावलं, "आज तोंडं बंद. आईला शेवट बघायचाय." दोघांनी माना डोलावल्या. काका तर म्हणाले, "अरे, बिल्कुल! आज आम्ही मौनात."

पडद्यावर सिनेमाचं नाव आलं, आणि काकांचं मौन संपलं. "नाटकात इथे नांदी होती." मी डोळे वटारले. पाच मिनिटं बरी गेली. मग नायिकेचं पहिलं पद आलं आणि नवऱ्याने पॉज दाबला. का, तर सिनेमात कुठली तान गाळली ते काकांनी गाऊन दाखवायचं होतं. काका गायले. पडद्यावर नायिका तोंड उघडं ठेवून थरथरत उभी, आणि समोर आमच्या सोफ्यावर काका डोळे मिटून, मांडीवर ताल धरून तिचं पद म्हणतायत. आई पदर सावरून शांत बसली होती.

हे दर पदाला झालं. आमची मुलगी वैतागून म्हणाली, "पापा, फिल्म चलने दो ना, नानी को देखना है!" तर नवरा म्हणतो, "अगं, नानीलाच तर फरक समजावतोय."

आणि मग कहर झाला. सासूने गाणं बंद केल्यानंतर नायिका ओसरीवर बसून जे पद म्हणते, ते सिनेमात, आता काय सांगावं, चांगलं जमलेलं होतं. मला रडू आलं. पद संपलं आणि इतकी वर्षं सिनेमाला शिव्या घालणारे काका बसल्या जागी ओरडले, "वन्स मोअर!" नाटकात लोक असं ओरडायचे आणि नटी तेच पद पुन्हा म्हणायची, ती सवय. नवऱ्याने लगेच रिवाइंड दाबलं. पद पुन्हा झालं. पुन्हा "वन्स मोअर!" पुन्हा रिवाइंड. मी म्हटलं, अहो, ती टेप आहे, तिला तुमची दाद कळत नाही. कोण ऐकतंय! तिसऱ्यांदा मशीनमधून खर्रर्र आवाज आला, पडद्यावर आडव्या रेघा धावल्या आणि सगळं निळं झालं.

बटण दाबून कॅसेट बाहेर येईना. दुकानदार आला, त्याने टॉर्च लावून आत पाहिलं. "बहनजी, टेप चबा गई है. पूरी मशीन खोलनी पड़ेगी. कल शाम तक निकाल देंगे." दुसरा व्हीसीआर आहे का विचारलं, तर लग्नसराई, एकही शिल्लक नाही. तो मशीन काखेत मारून आमच्या कॅसेटसकट निघून गेला. उद्या संध्याकाळी आईची गाडी कुठल्या कुठे पोचलेली असणार होती.

मी नवऱ्यावर तोंड सोडणार तेवढ्यात काका म्हणाले, "हरकत नाही. नाहीतरी सिनेमात तिसऱ्या अंकाची पार वाट लावली आहे. मी सांगतो ना तिसरा अंक." आणि घसा खाकरून त्यांनी पहिलं पद सुरू केलं. नवऱ्याने टेबलावर ठेका धरला.

"गाऊ नका, भाऊ," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण नवऱ्याचा ठेका थांबला. "सांगा. तिचं पुढे काय झालं?"

"कुणाचं?"

"त्या सुनेचं. ती घरी परत आली का?"

काकांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने काकांकडे. नवरा म्हणाला, "म्हणजे तो मोहिमेवरून येतो. मग त्याचं ते यमनातलं पद आहे."

"ते मी ऐकलं होतं. नंतर?"

"नंतर..." काका टाळू खाजवायला लागले. "नंतर शेवटी भैरवी असते. भैरवीला सगळी मंडळी स्टेजवर असतात."

"त्यात ती असते?"

"असेल की. नटी म्हटल्यावर असणारच."

"जावईबापू, तुम्हाला आठवतं?"

नवरा खाली मान घालून म्हणाला, "आम्ही गाण्यांसाठी जायचो, आई."

आई उठली. टीव्हीवरची निळी स्क्रीन तिने स्वतः बंद केली.

"ह्यांनाही मी तेव्हा घरी जाताना टांग्यात विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, भैरवी झकास रंगली. तुला बाहेर ऐकू आलीच असेल."