मारोतीने उतरवलेला शेंदूर

लिहिण्याचा मला सराव नाही, चारचौघांत बोलण्याचा तर त्याहून नाही. तरीही हा अनुभव सांगावासा वाटतो. सांगताना अजूनही थोडा वैताग येतो, तो वाचणाऱ्यांनी पोटात घालावा.

लग्नानंतर फार उशिरा, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, आम्हाला मुलगा झाला. सिंदेवाहीजवळच्या आमच्या मूळ गावातल्या मारोतीला सासूबाईंनी नवस केला होता. त्यामुळे मूल जितके माझे तितकेच मारोतीचे, हे घरात ठरून गेले. दर शनिवारी सासूबाई देवाच्या अंगावरचा शेंदूर डबीत घेऊन येत आणि आंघोळीनंतर रोज बाळाच्या कपाळाला लावत. बाळ रांगू लागले आणि त्याचे खाणे तुटले. चेहरा पांढरा पडला, पोट साफ होईना, रडणे थांबेना. "दात येऊन राह्यले," सासूबाई म्हणाल्या. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. एका नातेवाइकांनी चंद्रपूरकडच्या खाणींतल्या कोळशाच्या धुळीवर बोट ठेवले. आमच्या घराभोवती धानाच्या बांध्यांशिवाय, म्हणजे भातशेतीशिवाय काही नाही, हे त्यांना कोण सांगणार?

चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंनी मात्र बाळाचे रक्त तपासणीसाठी नागपूरला पाठवले. रक्तात शिसे निघाले. काजळ, गुटी, भांडी, भिंतींचा रंग, सगळे विचारून झाल्यावर त्यांची नजर बाळाच्या कपाळावर थांबली. शेंदरात शिसे असते, बाळ कपाळ चोळते आणि तोच हात तोंडात घालते, असे त्यांनी शांतपणे समजावले. शिसे बाहेर काढणारे औषध द्यावे इतके त्याचे प्रमाण नव्हते. शेंदूर पूर्ण बंद, लोहाचे थेंब, पोटभर आहार आणि पुन्हा तपासणी, एवढाच उपचार. पण शेंदूर चालूच राहिला, तर मेंदूच्या वाढीला धोका होता, आणि ते नुकसान भरून येईलच असे नव्हते.

घरी हे सांगण्यासाठी मी वाटभर शब्द जुळवले. ते पहिल्याच वाक्यात विखुरले.

"देवाचा शेंदूर इख हाय म्हणतेस?" सासूबाई कडाडल्या. "कूस उजवत नव्हती तवा कोणाच्या पायाशी गेलो होतो आपण? त्या डॉक्टरनीच्या?"

मी यजमानांकडे पाहिले. "दोघींचंही बरोबर हाय," ते म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

मग मी शेंदूर पुसावा आणि सासूबाईंनी लावावा, असे सुरू झाले. त्यातच कोळशावर बोट ठेवणाऱ्या त्या नातेवाइकांनी रक्त शुद्ध करणारे कसलेसे भस्म पाठवले. डॉक्टरबाईंनी ते बाळाच्या जवळही आणू नका म्हणून बजावले, कारण अशा भस्मातून कधी पारा निघतो, कधी पुन्हा शिसेच. एम.ए.पर्यंत शिकलेली मी. पण घरात एक "नको" ठामपणे म्हणता येत नव्हते, याची मला स्वतःचीच चीड येत होती.

अखेर सासूबाईंनी फर्मान काढले. डॉक्टरनीने देवाला नावे ठेवली, तेव्हा शनिवारी बाळाला घेऊन जायचे, माफी मागायची आणि ताजा शेंदूर लावायचा. ऑटोत मी मनातल्या मनात मारोतीशी भांडत होते. तुला नाही म्हणायची माझी हिंमत नाही, आणि लेकराचे हाल पाहवत नाहीत. मी थकले, आता तुझे तू पाहा. त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही. मी नुसती वैतागले होते.

गावात पोहोचलो, तर मारोती ज्याच्याखाली उघड्यावर आहे त्या मोहाच्या झाडापाशी बायका जमल्या होत्या. मारोतीच्या अंगावरचा वर्षानुवर्षांचा शेंदूर पहाटे सगळाच्या सगळा गळून पडला होता. परातीएवढाले तुकडे पुजारीभाऊ धोतराच्या फडक्यात गोळा करत होते. आत काळाभोर, गुळगुळीत, लहानसा मारोती उभा होता. इतका लहान असेल असे मला कधी वाटले नव्हते.

"खोळ टाकली देवानं," पुजारीभाऊ म्हणाले.

"मंग आता नवा लावान ना?" सासूबाईंनी विचारले.

"घाई काऊन करता बाई? त्याले जरासं मोकळं वाटू द्या."

सासूबाई बराच वेळ त्या उघड्या दगडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पदराचे टोक तांब्यातल्या पाण्यात भिजवले आणि बाळाचे कपाळ पुसून काढले. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "त्यानं आपल्या आंगावरचा काढला. मंग माह्या नातवालेच काऊन पायजे?"

डबी त्यांनी तिथेच ठेवली. पुढच्या तपासणीत शिसे उतरलेले दिसले. अजून बरेच उतरायचे आहे, पण बाळ जेवते, हसते. मारोतीने खोळ टाकल्याचे ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, जड झालेले थर उन्हापावसाने कधीतरी गळतातच. गळत असतील. मी कुणाशी वाद घालत नाही. शरण जाणे म्हणजे निमूट सोसणे, असे मी आजवर समजत होते. आता वाटते, आपले सगळे उपाय संपल्यावर जी चिडकी, कसलीही शोभा नसलेली हाक निघते, तीही त्याला चालते. मी भांडत भांडत त्याच्या दारी पोहोचले, तेव्हा त्याने आपल्या अंगावरचे आधीच उतरवून ठेवले होते. मला एवढे पुरे आहे.