अकरा मिनिटांचा चहा

बुधवार, १६ जुलै. सकाळी सहाला मी दोडके चिरत होते आणि मनातल्या मनात रजा मोजत होते. मोजायला वेळ लागला नाही, एकच उरली होती. ती मला शुक्रवारी हवी होती. स्कूटीच्या पक्क्या लायसनची परीक्षा शुक्रवारी होती आणि शिकाऊ लायसन शनिवारी संपत होतं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मी स्कूटी शिकले ती हौस म्हणून नाही. बसची मेहरबानी संपवायची होती.

यवतमाळहून माझं कार्यालय तासाभरावर. पावणेदहाच्या आत हजेरी. मुकुटबनला पहिली नेमणूक होती तेव्हा हजेरीपटावर सही असायची आणि माणूस आला की नाही ते माणूस बघायचा. आता मोबाइल बघतो. कार्यालयाजवळ उभं राहायचं, पडद्याकडे तोंड करायचं, डोळे मिचकवायचे. तीनदा उशीर झाला की एक रजा कापतात. माझे दोन उशीर झाले होते.

त्या दिवशी बस वेळेवर निघाली. खिडकी मिळाली, शेजारी कुणी पान खाणारं नव्हतं, मी खूश होते. अर्ध्या रस्त्यात फाट्यावरच्या टपरीपाशी गाडी बाजूला लागली. तिथे थांबा नाही. पण चालक आणि वाहकाला चहा फुकट मिळतो, म्हणून गाडी थांबते.

पाच मिनिटं मी घड्याळ बघितलं. मग खाली उतरले. वाहक आलुबोंडा खात होता.

"भाऊ, काहून थांबवून ठेवली गाडी?"

"चहा घेऊन राह्यलो मॅडम. तुम्ही पण घ्या."

"मले पावणेदहाले पोचायचं हाये."

"बायकांच्या अर्ध्या तिकिटात इतकी घाई?" तो म्हणाला. टपरीवरचे चार जण हसले.

"तिकीट अर्धं असन, नोकरी पुरी हाये माही. आन् हे तिकीट मी मागाले गेलती का?"

चालकाने बशीतला चहा फुंकत सांगितलं, "मॅडम, डिझलवर गाडी चालते, ड्रायव्हर चहावर."

मी गाडीत येऊन बसले. मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "बस व बाई, कायले तोंड वाजवतं? माणसं आयकत असतेत का कुठं?" अकरा मिनिटांनी गाडी हलली.

गावात शिरताना बस कार्यालयावरून जाते, पण तिथे थांबत नाही. तिथे थांबा नाही ना! स्टँड अर्धा किलोमीटर पुढे. कार्यालय आलं तसा आमच्या ऑफिसातला एक तरुण सहकारी उठला, खिडकीशी मोबाइल धरला, डोळे मिचकवले. नऊ चव्वेचाळीस. हजेरी लागली. मलाही ते जमलं असतं. पण मी जागेवर पोचलेच नव्हते, तर हजेरी कसली लावायची? स्टँडवर उतरले आणि पदर खोचून मागे चालत आले. नऊ एक्कावन्न. तिसरा उशीर.

तडक साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "यंत्र आहे मॅडम. मी काय करणार?"

तेवढ्यात सहकारी आला. दहा वाजून गेले होते, तो नाश्ता करून हात पुसत होता.

"हे वेळेवर आणि मी उशिरा?" मी विचारलं.

"मॅडम, मले कायले ओढता त्यात?" तो म्हणाला.

"मग उद्या मी पण खिडकीतूनच डोळे मिचकवते. अन् त्याच गाडीनं घरी जाते. चालन का साहेब?"

साहेबांनी फाइल उघडली, बंद केली. शेवटी म्हणाले, "गाडीमुळे उशीर झाला असं लेखी आणा. मग बघतो."

म्हणजे पुरावाही मीच आणायचा. संध्याकाळी बस रिकामी होती. मी बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा मोडत बसले. शेजारच्या सीटवर रोज याच बसने जाणाऱ्या एक नर्सबाई होत्या, त्यांनी न सांगता अर्ध्या शेंगा आपल्या मांडीवर ओढल्या. अर्धा किलो मोडून झाला तरी राग उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वीस मिनिटं आधी स्टँडवर गेले. तीच गाडी, तोच वाहक.

"तक्रारवही द्या."

"जाऊ द्या ना मॅडम. आज नाही थांबवत गाडी."

"आजचं नाही, कालचं लिहायचं हाये."

त्याने चालकाकडे बघितलं. चालकाने आरशात बघून केस नीट केले. वही सीटखालून निघाली. मी लिहिलं: थांबा नसताना गाडी अकरा मिनिटं उभी, कारण चहा. खाली वाहकाची सही मागितली.

"नोकरी घालवता का माही?"

"माही रजा गेली, त्याचं काय? जे झालं तेवढंच लिहिलं हाये. एक शब्द खोटा असन तर खोडा."

त्याने दोनदा वाचलं, खोडायला काही सापडलं नाही, सही केली. मी पानाचा फोटो घेतला. त्या दिवशी फाटा कधी मागे गेला ते कळलंही नाही. नऊ छत्तीसला मी हजेरी लावली, फोटो छापून घेतला, शुक्रवारच्या रजेचा अर्ज त्याला टाचला आणि साहेबांसमोर ठेवला. ते म्हणाले, "ठेवून जा, बघतो."

मी गेले नाही. सही होईपर्यंत टेबलाशी उभी राहिले.